मुलीचं नाव सातबारावर: हक्क कायद्यात आला, फेरफारात कधी येणार?

कृष्णाकाठची (धागाकर्ती)

११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या खटल्यात स्पष्ट सांगितलं, की एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलगी जन्मानेच हिस्सेदार असते आणि ९ सप्टेंबर २००५ रोजी, म्हणजे हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, तिचे वडील हयात होते की नव्हते, याने काही फरक पडत नाही. त्या दिवशी मैत्रिणींच्या ग्रुपवर आनंदाचे संदेश फिरले. त्यानंतर ओळखीतल्या ज्या ज्या बाईला मी विचारलं, "माहेरच्या सातबारावर तुझं नाव लागलंय का?", त्यातल्या बहुतेकींनी नाही म्हणून सांगितलं. शिक्षिका, नर्स, बँकेत काम करणाऱ्या, शेतात राबणाऱ्या, सगळ्यांचं उत्तर तेच.

मला वाटतं ते आधीच मांडते. हक्क द्यायचं काम संसदेनं केलं, त्याचा अर्थ लावायचं काम कोर्टानं केलं, पण बाईच्या पदरात तो पडतो की नाही हे तलाठी सज्जातल्या नोंदवहीत ठरतं. आपण चर्चा करतो दिल्लीतल्या कायद्याची आणि नोंदवहीकडे कोणी बघत नाही.

थोडा मागचा इतिहास. हिंदू कोड बिल रखडलं, हे डॉ. आंबेडकरांनी सप्टेंबर १९५१ मध्ये कायदामंत्रिपद सोडण्याचं एक मोठं कारण होतं. पुढे १७ जून १९५६ पासून हिंदू वारसा कायदा लागू झाला. मुलीला वडिलांच्या मालमत्तेत वारस म्हणून जागा मिळाली, पण एकत्र कुटुंबाची मिळकत पुरुषांच्याच हातात राहिली. याचा परिणाम आकड्यात बघा. बारा एकर वडिलोपार्जित जमीन, वडील, दोन मुलगे, एक मुलगी. आई आधीच वारलेली धरू, म्हणजे हिशोब सोपा होतो. १९५६ च्या कायद्याने वडील वारले की आधी कागदावर वाटणी धरायची: वडील आणि दोन मुलगे, प्रत्येकी चार एकर. मुलीला त्या वाटणीत जागाच नाही. मग वडिलांच्या चार एकरांचे तिघांत तीन भाग. मुलीच्या वाट्याला एक एकर तेरा गुंठे, मुलांच्या वाट्याला प्रत्येकी पाच एकर तेरा गुंठे. आजच्या कायद्याने तिघांना चार-चार एकर.

महाराष्ट्राने २२ जून १९९४ ला राज्यापुरती दुरुस्ती करून मुलीला हिस्सेदार केलं. देशाच्या अकरा वर्षं आधी. याचा मला अभिमान आहे. पण त्यात एक अट होती: त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुलीला हा हक्क नाही. एकाच घरात थोरलीचं लग्न १९९३ ला झालं म्हणून ती बाहेर आणि धाकटीचं १९९६ ला झालं म्हणून ती आत. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने ही अट राहिली नाही. राहत्या घराची वाटणी मुलीला मागता येत नसे, ते कलम २३ सुद्धा गेलं. पण थोरलीच्या मनात "आपलं लग्न आधी झालंय, आपल्याला काही नाही" हे इतकं घट्ट बसलंय, की ती आजही विचारायला जात नाही. भाऊही सांगायला जात नाहीत.

आता नोंदवही. माझ्या आईच्या माहेरचे जुने फेरफार, म्हणजे सातबारातल्या बदलांच्या नोंदी, मी नुकतेच काढले. आजोबा गेल्यानंतरच्या फेरफारात वारस म्हणून आजी, तीन मामा, आई आणि मावशी अशी सगळ्यांची नावं ओळीने लिहिलेली आहेत. कोणी लपवाछपवी केलेली नाही. पण त्याच नोंदीच्या शेवटच्या ओळीत थोरल्या मामांचं नाव ए.कु.मॅ., म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, म्हणून कब्जेदार सदरी, म्हणजे मुख्य मालकाच्या रकान्यात, घेतलंय. सातबारावर उतरलं ते एवढंच नाव. पुढे थोरले मामा गेले, तेव्हा वारस कोणाचे लागले? सातबारावर ज्यांचं नाव होतं त्यांचे. म्हणजे मामांची मुलं. दोन नोंदींत आई, मावशी आणि धाकटे दोन्ही मामा कागदावरून नाहीसे झाले. कोणाची खोटी सही नाही, खोटा शिक्का नाही.

दुसरी रीत म्हणजे मुलींची नावं "इतर हक्क" या रकान्यात टाकायची. ज्या रकान्यात सोसायटीचा बोजा, विहिरीतला हिस्सा, पाटाचं पाणी यांच्या नोंदी असतात, तिथे पोटची मुलगी. बँकेत, सोसायटीत, पीकविम्याला, नुकसानभरपाईला विचारतात ते कब्जेदाराला.

कायद्याच्या भाषेत सातबारा हा मालकीचा पुरावा नव्हेच. जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे नोंद खरी आहे असं फक्त गृहीत धरतात, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत. नोंद नसल्याने हक्क बुडत नाही, असं न्यायालयांनी अनेकदा सांगितलंय. पण रोजच्या जगण्यात सगळ्या सरकारी खिडक्या त्याच कागदावर चालतात. मग "हक्क बुडत नाही" याचा अर्थ एवढाच उरतो, की बाईने दिवाणी दावा लावावा आणि वर्षानुवर्षं तारखांना जावं.

देशाच्या २०१५-१६ च्या कृषी गणनेत वहिवाटदार म्हणून स्त्रियांचं प्रमाण १४ टक्क्यांच्या आसपास होतं. शेतात बायका किती राबतात हे आपल्याला माहीत आहे.

तुमच्याकडे काय अनुभव आहे? महसूल खात्यातले, वकिलीतले कोणी असतील तर जरूर लिहा. भावांनीही लिहा.

---

निशिगंधा

फार गरजेचा धागा. आमच्याकडे वडिलांच्या तेराव्याला सगळे जमले होते. दुसऱ्या दिवशी "तुम्ही सगळ्या आलाच आहात तर काम उरकून घेऊ" म्हणून गाडीत घालून दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात नेलं आणि हक्कसोड पत्रावर सह्या झाल्या. रडून रडून डोळे सुजलेले, कोण वाचणार? जबरदस्ती नव्हती, हेही खरं. पण विचारलंही नव्हतं.

---

बांधावरचा

भावांनी लिहा म्हणालात म्हणून लिहितो. राग मानू नका.

आम्ही दोघे भाऊ, तीन बहिणी. तिघींच्या लग्नाला वडिलांनी सोसायटीचं आणि सावकाराचं कर्ज काढलं. ते फेडलं मी. आई पाच वर्षं अंथरुणाला खिळून होती, तिचं सगळं माझ्या बायकोनं केलं. जमीन कोरडवाहू होती, बोअर मारून, पाइपलाइन आणून बागायत आम्ही केली. आता रस्त्यात काही गुंठे गेले, मोबदल्याची नोटीस आली आणि एका बहिणीने हरकत घेतली. तोपर्यंत एकीनेही कधी "यंदा पाऊस कसा आहे" विचारलं नव्हतं. कायदा समान म्हणतो. मग कर्ज आणि आजारपण का समान वाटलं जात नाही?

---

कृष्णाकाठची

बांधावरचा दादा, राग अजिबात नाही. तुम्ही मोकळेपणाने लिहिलंत त्याबद्दल आभार.

तुमचे दोन मुद्दे मला वेगवेगळे दिसतात. कर्ज फेडलंत, पाइपलाइन टाकलीत, हा खर्च वाटणीच्या वेळी हिशोबात मांडता येतो आणि मांडायलाच हवा. घरातल्या घरात वाटणी झाली तरी आणि कोर्टात गेली तरी. पण सांभाळलं म्हणून बहिणीचा वाटा आपोआप संपतो, असं कसं? आणि तुमच्या बायकोनं आईचं पाच वर्षं केलं, तर त्या जमिनीवर तिचं नाव आहे का? हे टोचून विचारत नाही, मनापासून विचारते.

आईवडिलांची जबाबदारी कायद्याने मुलीवरही आहे. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विवाहित मुलीलाही वडिलांना पोटगी द्यावी लागते असा निर्णय दिला, आणि तो खटला आपल्या महाराष्ट्रातलाच होता. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातही मुलगा-मुलगी भेद नाही. बहिणींनी जबाबदारीचा वाटा उचललाच पाहिजे, यात मी तुमच्या बाजूची आहे.

लग्नाच्या खर्चाचं म्हणाल, तर त्यातला बराचसा सासरी जातो. ते मुलीला दिलं असं धरून तिची जमीन वजा करणं मला पटत नाही.

---

जुनी चावडी

महसूल खात्यातून निवृत्त आहे. सविस्तर लिहितो, कारण अर्धा गोंधळ प्रक्रियेच्या अज्ञानातून होतो.

खातेदार वारला की वारसांनी तीन महिन्यांत तलाठ्याला (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी) कळवायचं, हे जमीन महसूल संहितेचं कलम १४९. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, रहिवासाचे पुरावे जोडायचे. हल्ली ई-हक्क प्रणालीवरून घरबसल्या अर्ज करता येतो. तलाठी आधी वारस नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६-क मध्ये नोंद घेतो, मग फेरफार नोंदवहीत, म्हणजे नमुना ६ मध्ये. हितसंबंधितांना नमुना ९ ची नोटीस जाते, हरकतीला १५ दिवस असतात. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि मग सातबारा बदलतो.

आता गळती कुठे होते ते सांगतो. पहिली जागा प्रतिज्ञापत्र. अर्जदार भाऊ वारसांची यादी देतो, त्यात बहिणीचं नावच घालत नाही. गावात सगळ्यांना माहीत असतं या घराला किती मुली आहेत, पण कागदावर तेवढेच वारस. दुसरी जागा नोटीस. बहिणीचं नाव यादीत असलं तरी पत्ता माहेरचाच लिहिलेला असतो, "रा. सदर". नोटीस त्या पत्त्यावर जाते, भाऊ किंवा भावजय सही करून घेते, पंधरा दिवस उलटतात, नोंद प्रमाणित होते. बहीण दोनशे किलोमीटरवर असते, तिला पत्ताच नसतो. कागद बघणाऱ्या अधिकाऱ्याच्या दृष्टीने सगळं नियमात.

इतर हक्कात नावं टाकण्याची पद्धत जुनी. त्या काळी समजूत अशी होती की जमीन कसणार भाऊ, बहिणीचा हक्क तेवढा नमूद करून ठेवावा. १९५६ नंतर ही पद्धत बंद व्हायला हवी होती. वारस मुलगी ही कब्जेदारच आहे, तिचं नाव कब्जेदार सदरीच लागलं पाहिजे.

ए.कु.मॅ. च्या नोंदी काढून त्याखालच्या सगळ्यांची नावं लावण्याच्या मोहिमा शासनाने मध्ये मध्ये काढल्या. २०२५ मध्ये बुलढाण्यातून सुरू झालेली "जिवंत सातबारा" मोहीम राज्यभर नेली, त्यात मयत खातेदारांच्या जागी वारस लावायचे होते. चांगली संधी होती. गावोगावी चावडीवाचन झालं. पण वारसांची यादी देणारे पुन्हा बहुतेक घरातले पुरुषच.

---

काळा कोट

वकिली करते. काही गोष्टी स्पष्ट करते, कारण अर्धवट माहितीवर बायका एक तर घाबरतात किंवा भलत्या आशेवर बसतात.

बोलीभाषेत "वडिलोपार्जित" म्हणजे आजोबांकडून आलेली सगळी जमीन. कायद्यात तसं सरसकट नाही. १९५६ नंतर वडिलांना त्यांच्या वडिलांकडून हिंदू वारसा कायद्याच्या कलम ८ खाली वारस म्हणून मिळालेली मिळकत ही त्यांची स्वतंत्र मिळकत धरली जाते. वडील मृत्युपत्र न करता वारले तर मुलगा, मुलगी, विधवा आणि आई यांना सारखे वाटे. मृत्युपत्र केलं असेल तर त्याप्रमाणे. एकत्र कुटुंबातला स्वतःचा वाटासुद्धा मृत्युपत्राने देता येतो, हे कलम ३०. म्हणून आजकाल हक्कसोडीबरोबर मृत्युपत्रांचं प्रमाण वाढलंय. मुलीला जन्माने हक्क मिळाला आणि बापानं आपल्या वाट्यापुरता तो मृत्यूने काढून घेतला, असं अनेक घरांत चाललंय.

२० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने झालेली वाटणी उघडता येत नाही. "आमची तोंडी वाटणी झाली होती" हा बचाव मात्र सहसा चालत नाही. विनीता शर्मा निकालात त्यावर स्पष्ट लिहिलंय, सरकारी कागदांचा भक्कम आधार असेल तरच अपवाद. वडील १७ जून १९५६ च्या आधी वारले असतील तर सगळं गणित वेगळं, तिथे आधी सल्ला घ्या.

मुदत: एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतून आपल्याला वगळलंय हे कळल्यापासून बारा वर्षं. हक्कसोड फसवून घेतली असेल तर ती रद्द करून घ्यायला फसवणूक कळल्यापासून तीन वर्षं. निशिगंधाताई, तुम्ही नोंदणीकृत दस्तावर स्वतः सही केलीय. "वाचलं नव्हतं" एवढ्यावर तो सहजी रद्द होत नाही. उगाच खोटा धीर देत नाही.

पैशाची अडचण असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. १९८७ च्या विधी सेवा कायद्यात स्त्रीला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही. मालमत्तेच्या वादात स्त्रियांना कोर्ट फी माफीची राज्याची १९९४ ची अधिसूचनाही आहे. ती आपल्या दाव्याला लागू पडते का, हे दावा लिहायच्या आधी विचारून घ्या.

---

निशिगंधा

खरं सांगितल्याबद्दल आभार. मला रद्द करायचीही नाही. माझ्या मुलीच्या वेळी हे होऊ नये, एवढंच.

---

टोरांटोकर

इकडे वकिलातीत साक्षांकन करून पाठवायला भावाने कुलमुखत्यारपत्राचा मसुदा पाठवला होता. "फक्त वारस नोंदीसाठी" असं फोनवर सांगितलेलं. वाचलं तर पाचव्या परिच्छेदात माझ्या वतीने हक्क सोडण्याचा आणि विक्रीचा अधिकार. मी तो परिच्छेद काढून, फक्त नोंदीपुरतं लिहून पाठवलं. भाऊ नाराज झाला, सहा महिने बोलला नाही, आता बोलतो. नाव लागलं. परदेशातल्या सगळ्यांना सांगणं, मसुदा स्वतःच्या वकिलाकडून लिहून घ्या आणि ज्या कामासाठी आहे तेवढंच त्यात राहू द्या.

---

वर्धेची लेक

माहेरच्या जमिनीबद्दल सगळे लिहितायत, मला सासरच्या जमिनीबद्दल लिहायचंय. माझ्या मावसबहिणीचा नवरा गेला. कर्ज होतं. जमीन सासऱ्यांच्या नावावर, वाटणी झालेली नव्हती. ती आणि तिची दोन पोरं त्याच शेतात राबतात, पण पीककर्ज तिला मिळत नाही, कारण सातबारा तिचा नाही. नुकसानभरपाई आली की दिराच्या खात्यात. सासूबाई म्हणतात, "तू उद्या दुसरं लग्न करशील, मग जमीन परक्याच्या घरी जायची." हे कायद्याने खरं आहे का?

---

काळा कोट

ताई, नाही. नवऱ्याची वारस म्हणून विधवेला मिळालेला हिस्सा पुनर्विवाहाने जात नाही. कलम १४ प्रमाणे ती त्याची पूर्ण मालक. मयत मुलाची विधवा म्हणून सासऱ्यांच्या मिळकतीत जो वाटा यायचा, त्यावर पुनर्विवाहाची अट कलम २४ मध्ये होती, तीही २००५ ला काढली.

सासरे हयात आहेत आणि जमीन एकत्र कुटुंबाची आहे, असं दिसतंय. तसं असेल तर तिच्या नवऱ्याचा त्यात वाटा होता आणि त्याच्या मृत्यूनंतर तो वाटा ती, मुलं आणि सासूबाई यांच्याकडे आला. जमीन सासऱ्यांनी स्वतः घेतलेली असेल तर आज मागता येणार नाही. म्हणून पहिलं काम, ती जमीन सासऱ्यांकडे कशी आली ते जुन्या फेरफारावरून शोधणं.

---

चांदवड_८६

तरुण मंडळींना कदाचित माहीत नसेल म्हणून लिहितो. १९८६ च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन झालं. लाखोंच्या संख्येनं बायका आल्या होत्या, कडेवर पोरं घेऊन, भाकऱ्या बांधून. त्यानंतर शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी "लक्ष्मी मुक्ती" मांडली: ज्या गावात शंभर घरांत नवऱ्याने बायकोच्या नावावर जमीन केली, ते गाव लक्ष्मीमुक्त. त्या गावात ते स्वतः जायचे. कोणी सक्ती केली नव्हती, कोर्ट नव्हतं, तरी गावंच्या गावं पुढे आली. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरचं नाव तेव्हा आम्ही सगळीकडे सांगायचो.

मग सरकारने १५ सप्टेंबर १९९२ ला परिपत्रक काढलं, की नवऱ्याने साधा अर्ज केला तर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबारावर लावावं. हे आजही वापरता येण्यासारखं आहे आणि बांधावरचा यांच्यासारख्या माणसाने ते वापरावं, अशी माझी हात जोडून विनंती. किती सज्जांत गेलं की "असं परिपत्रक आमच्याकडे नाही" म्हणून परत पाठवतात, हा वेगळा विषय. परिपत्रकाची प्रत सोबत न्या.

---

सातपुडा

आदिवासी मुलींचं काय, यावर कोणीच लिहिलं नाही. हिंदू वारसा कायद्याच्या कलम २(२) नुसार केंद्र सरकारने वेगळी अधिसूचना काढल्याशिवाय तो अनुसूचित जमातींना लागूच होत नाही. म्हणजे १९५६, १९९४, २००५, २०२० या सगळ्या तारखा आमच्या बहिणींना लागू नाहीत. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला यात दुरुस्तीचा विचार करायला सांगितलं. रूढी पुढे केली की महसुली अधिकारीही हात वर करतात. आमच्या रूढी आम्हाला प्रिय आहेत, पण बहिणीला वाटा नाही ही रूढी आम्ही स्वतः बदलायला हवी आणि ग्रामसभेत त्याची सुरुवात करता येते.

---

मांडवीकाठ

गोव्यातून लिहितो. आमच्याकडे पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी संहितेची परंपरा आहे, आता २०१२ चा गोव्याचा स्वतःचा उत्तराधिकार कायदा आहे. त्यात मुलगा-मुलगी समान आहेत, धर्म कोणताही असो. मृत्युपत्र केलं तरी मिळकतीचा अर्धा भाग मुलांसाठी राखीव, बापाला मुलीला साफ वगळता येत नाही. लग्न झालं की, वेगळा करार नसेल तर, नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक. घर विकायचं तर दोघांची सही लागते. वारसदारांत वाद झाला तर कोर्टात सगळ्या मिळकतीची यादी करून वाटणी होते.

आता दुसरी बाजू. आमच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर (तुमच्या सातबारासारखाच) भोगवटादार म्हणून पुष्कळदा एका भावाचंच नाव असतं. आणि बहिणी नोटरीपुढे हक्क सोडून देतात, तुमच्यासारख्याच. कायदा इतका जुना आणि इतका समान असूनही. राखीव अर्धा भाग असल्यामुळे बहिणीची सही घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही, एवढा फरक निश्चित पडतो. तिला विचारावंच लागतं.

---

कृष्णाकाठची

मांडवीकाठ, "तिला विचारावंच लागतं" हेच मला हवं होतं. आपल्याकडे नेमकं तेच होत नाही.

जुनी चावडी काकांच्या प्रतिसादानंतर माझ्या मनात ज्या मागण्या पक्क्या झाल्या त्या लिहिते. वारसाच्या प्रतिज्ञापत्रात "मुली: नाहीत" असं स्पष्ट लिहून द्यावं लागलं पाहिजे, नुसतं नाव गाळून चालणार नाही. विवाहित मुलीचा सध्याचा पत्ता आणि मोबाइल नंबर सक्तीचा, आणि तिच्या नंबरवर संदेश गेल्याशिवाय नोंद प्रमाणित होऊ नये. ई-फेरफारात हे करायला फार मोठा खर्च नाही. आणि खातेदाराच्या मृत्यूनंतर काही महिने हक्कसोडीची नोंदणीच होऊ नये. दुःखात सही घेऊ नका, एवढंच.

बायकांनी हक्क सोडूच नये असं माझं म्हणणं नाही. माझ्या मावशीने विचारपूर्वक सोडला, तिला माहेर हवं होतं, जमीन नको होती. ते तिचं तिनं ठरवलं. पण आधी सातबारावर नाव लागावं आणि मग तिनं ठरवावं.

---

बांधावरचा

काल रात्री बायकोला धागा वाचून दाखवला. ती काही बोलली नाही, पण सकाळी तिनं विचारलं, लक्ष्मी मुक्तीचा अर्ज कुठे मिळतो? चांदवड_८६ काका, परिपत्रकाचा क्रमांक असेल तर द्या. बहिणीच्या हरकतीबद्दल तिघींना घरी बोलावणार आहे. मोबदल्याचे पैसे आणि माझा पाइपलाइनचा खर्च, दोन्ही एकत्र समोर ठेवून बोलू. जमेल की नाही माहीत नाही.

---

चांदवड_८६

जुन्या फायली काढतो आणि व्यक्तिगत निरोपातून प्रत पाठवतो. वहिनींना नमस्कार सांगा.

---

हळदीकुंकू

माझा एक प्रश्न. आईचं नाव मामाच्या सातबारावर इतर हक्कात आहे. ते कब्जेदार सदरी आणायचं तर सरळ दिवाणी कोर्टात जायचं का? जुनी चावडी काका, सांगाल?

---

जुनी चावडी

लगेच कोर्टात नको. आधी ज्या फेरफाराने नाव इतर हक्कात गेलं, त्याची प्रमाणित प्रत काढा. सातबारावर त्या नावाजवळ कंसात क्रमांक असतो, तोच फेरफार क्रमांक. जुना असेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळेल, बऱ्याच ठिकाणी स्कॅन करून ऑनलाइनही ठेवलेत.

फेरफाराचा मजकूर नीट वाचा. त्यात आईला कब्जेदार म्हणून घेतलंय आणि सातबारावर उतरवताना रकाना चुकलाय, असं असेल तर ती लेखनातली चूक. कलम १५५ खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज करा. फेरफारातच "मुलींची नावे इतर हक्कात" असं लिहून मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केलं असेल, तर त्या नोंदीविरुद्ध प्रांतांकडे (उपविभागीय अधिकाऱ्यांकडे) कलम २४७ चं अपील. मुदत ६० दिवसांची असते, ती उलटून गेली असणार, म्हणून विलंब माफीचा वेगळा अर्ज जोडा आणि नोंद आत्ताच कळल्याचं, कशी कळली ते, तारखेसह लिहा. नक्कल मिळाल्याची पावती त्यासाठी जपून ठेवा.

नाव लागल्यावर प्रत्यक्ष वाटप हवं असेल तर सगळ्यांच्या संमतीने कलम ८५ खाली तहसीलदारांकडे होतं. संमती नसेल, हक्काचाच वाद निघाला, तर मग दिवाणी दावा. क्षेत्र लहान आहे म्हणून नाव लागणार नाही असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. १० गुंठे बागायत, २० गुंठे जिरायत ही तुकडेबंदी कायद्याची (जमिनीचे फार लहान तुकडे होऊ नयेत म्हणून घातलेली) मर्यादा तुकडे पाडायला आहे, वारसाचं नाव सामाईकात लावायला ती आड येत नाही.

आणि एक, आई हयात असेपर्यंत तिच्या सहीनेच अर्ज करा. तिच्यामागे तुम्ही भावंडांनी करायचा तर तुमची वारस नोंद आधी आणि दुरुस्ती नंतर, काम दुप्पट होतं. फेरफाराची प्रत हातात आली की मजकूर इथे टाका, अर्ज कोणत्या कलमाखाली करायचा ते बघून सांगतो.